बैलाच्या गळ्यातला हार

१९६३ साल. कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय किशोर जलतरण स्पर्धेहून सुंदरा परतणार, म्हणून तिचे वडील डोमाजी धामणगाव स्टेशनवर हार घेऊन, बाजा लावून उभे होते. तेवढ्यात निकालाचा पेपर हाती आला. जिनिंग कारखान्यात कापूस तोलण्यात हयात गेलेल्या डोमाजींनी नुसते आकडे पाहिले. सुंदरा चौऱ्याहत्तर, बाकीच्या पोरी ऐंशीच्या वर.

"सारायहून कमी आपल्याच पोरीले! बंद करा रे थो बाजा!" म्हणत त्यांनी हार दमणीला जुंपलेल्या बैलाला घातला आणि तरातरा घर गाठलं.

मागून सुंदरा पायीच आली, गळ्यात सोन्याचं पदक घालून.

पुढे ती अकोल्याला पोहणं शिकवू लागली, आणि डोमाजी मरेपर्यंत चरफडत राहिले, "कमी सेकंदवाली पयली येते, हे मले कोनी सांगतलं कावून नाई?"