टिकली सोफ्यावरून उतरते

टिकलीनं सोफ्यावर पुढचे दोन पाय ठेवले आणि राजलक्ष्मीनं तिला अलगद उचललं. खिडकीखाली उलट्या ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर पोत्याची घडी होती. तिच्यावर मांजरीला ठेवून ती म्हणाली, "हितं." आणि सुकटीचा एक तुकडा पुढ्यात टाकला.

मारायचं नाही, ओरडायचं नाही. उचलायचं, ठेवायचं, एकदाच सांगायचं. आज आठवा दिवस. पहिल्या दिवशी उचलून उचलून हात भरून आले होते. आज सकाळपासून ही पहिलीच वेळ.

तिच्या सासूबाई, दगडाबाई, वॉकर धरून मधल्या दारात उभ्या होत्या. "मांजराच्या जातीला शिकवतीस व्हय गं? उद्या कोंबडीला शाळंत घाल."

"शिकली बघा आत्या. सोफा मोकळा झाला. बसा आता."

"केस असत्याल तिचं."

"झाडल्यात."

"मग बसंन की दुपारी."

"आत्ता. चहा सोफ्यावरच मिळंल."

सोफा सासूबाईंच्या गुडघ्यासाठीच आला होता. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलानं, अजितनं, तो इंदापुरातून टेम्पोत घालून आणला. पण महिनाभर त्यावर निजली ती टिकली. 'निजलीया बिचारी, कशाला उठवायची,' म्हणत दगडाबाई भिंतीला टेकून भुईवर उतरायच्या. बारामतीच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला गुडघा दाबून पाहिला आणि चष्मा काढून सांगितलं, "आता भुईवर बसलात, तर हा परत उघडावा लागेल." त्याच संध्याकाळी राजलक्ष्मीनं सुकटीची डबी फळीवरून खाली काढली होती.

दगडाबाई बसल्या. एस.टी.त दोघांच्या बाकावर तिसऱ्यानं बसावं तशा, अर्ध्याच. हातानं कापड चाचपलं.

"लई मऊ हाय. बुडाल्यावानी वाटतंय."

"बुडू देत न्हाय मी. मागं सरका."

त्या बोटभर सरकल्या. चहाची बशी हातात आली, तसा त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्या आपल्याशीच गुणगुणल्या,

"थोरल्या दिराला, पाट मांडिते चंदनाचा
मला भुईचा गारवा, बाई, सात जन्मांचा."

"भुईचा गारवा गुडघ्याला मानवत न्हाय आत्या," राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "डॉक्टरला ववी म्हणून दाखवा, बघू काय म्हणत्यात."

दगडाबाई हसल्या. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं.

ते आबाजी, दगडाबाईंचे थोरले दीर. डेअरीला दूध घालून रोज याच वेळी चहाला यायचे. येताना फाटकाशी एकदा खाकरायचे. आतल्या भावजयीनं डोईवर पदर घ्यावा, उंचावर बसली असेल तर खाली उतरावं, म्हणून. शब्दानं त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं खाकरणंच पुरलं होतं.

दगडाबाईंनी बशी घाईनं सोफ्याच्या हातावर ठेवली. एक हात पदराला गेला, दुसरा सोफ्याच्या कडेला. अंग आपोआप खाली सरकू लागलं. गुडघ्यातून कळ उठली, तरी सरकतच होतं.

राजलक्ष्मी दोन ढांगांत आली. काखेत हात घालून तिनं सासूला वर घेतलं आणि पार मागं टेकवून बसवलं.

"हितं," ती हळूच म्हणाली.

"आगं, आबा आलं..."

"येऊ द्या."

खांद्यांवरचे हात तिनं काढले नाहीत.

आबाजी दारात आले. हातात रिकामी किटली, डोक्याला टोपी. सवयीनं त्यांनी भिंतीकडेच्या भुईकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग नजर वर आली, सोफ्यापाशी थांबली, आणि कुठं ठेवावी हे न कळून किटलीवर गेली.

टिकलीनं तेवढीच संधी साधली. डब्यावरून टुणकन उतरून ती सोफ्यावर, दगडाबाईंच्या मांडीशी येऊन बसली. राजलक्ष्मीचे हात हलणार, तोच आवाज आला.

"न्हाय. तितं."

दगडाबाई बोलल्या होत्या. बोट खिडकीकडं, पाठ ताठ. आबाजींनी या बाईचा आवाज आजवर पदराआडूनच ऐकला होता, तोही व्हय-न्हायपुरता. हा आवाज सबंध खोलीभर गेला.

टिकलीनं एकदा वर पाहिलं. मग आळस देत खाली उतरली आणि डब्यावर जाऊन बसली. राजलक्ष्मीनं सुकट टाकली.

"ऐकतंय की मांजर," आबाजी किटलीला म्हणावं तसं म्हणाले.

"आठ दिस लागलं, आबा," दगडाबाई म्हणाल्या. पदर डोईवर होता, पाय सोफ्याखाली लोंबत होते. "बसा की. चहा निवंल."

आबाजी समोरच्या खुर्चीत बसले. चहा प्याले. जाताना दारात थांबले, टोपी नीट केली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी चहा गाळत होती. फाटकाची कडी वाजली. तिनं गाळणं तसंच धरलं आणि कान दिला. आता खाकरतील. मग धाव घ्यायची.

कुणी खाकरलं नाही.

तिनं डोकावून पाहिलं. उंबऱ्याबाहेर आबाजींच्या वहाणा जोडीनं काढून ठेवल्या होत्या. आत खुर्चीत ते बसले होते, समोर सोफ्यावर आत्या, अगदी मागं टेकून. आणि डब्यावर टिकली, डोळे मिटून.