अण्णाजींची भिंत

अंकुशचा डोंगा पालथाच काठाला लागला. अंकुशचा पत्ता नव्हता. वैशाखातलं वावधन, ते सुसाट वादळी वारं, नुकतंच धरणावर तुटून पडलं होतं आणि पाणी अजून उसळत होतं.

डोंगाघाटची सगळी ढिवर मासेमारांची वस्ती काठावर जमली. प्रेमदास आणि बंडूजी दुसरा डोंगा घेऊन त्या वाऱ्यात शिरले. नलूबाई मात्र पाण्याकडे बघेना. ती नवऱ्याकडे बघत होती.

"तुमच्या त्या भिंतीनंच घात केला," ती अण्णाजींना म्हणाली. "जाळं अडकलं असन तिथं. गेलं माझं लेकरू."

जुनं डोंगाघाट याच धरणाच्या पोटात होतं. गाव उठलं तेव्हा शहाण्या माणसांनी घरं पाडून दगड, वासे, कवेलू, सगळं बैलगाड्यांतून वर आणलं. अण्णाजींनी दारं तेवढी आणली. टेकडीवरून एकेक दगड वाहून, नव्या नवरीसाठी स्वतःच्या हातांनी रचलेल्या भिंती. त्या पाडायला त्यांच्या हातातली सब्बल काही उठली नाही. मग नलूबाईचा संसार टिनाच्या खोलीत झाला. अंकुश तिथेच जन्मला. आणि धरणाच्या साफ तळात एकच घर उभं राहिलं, तेही गावाची जाळी फाडायला. जाळं फाटलं की अण्णाजींचा उद्धार ठरलेला, आणि त्यात प्रेमदासचा आवाज सगळ्यांत मोठा. यंदा पाणी आणखी उतरलं की भिंत पाडायची, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. अंकुशनेही मान डोलावली होती. त्या दिवशी म्हातारा न जेवताच उठला होता.

आज मात्र अण्णाजींनाही पहिल्यांदा वाटलं, गाव उठलं तेव्हाच पाडली असती तर बरं झालं असतं.

वारा पडला. दुरून प्रेमदासची हाक आली. शब्द कळेनात, पण हाक रडकी नव्हती. नलूबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली.

डोंग्यात मधोमध अंकुश बसला होता. चिंब, कुडकुडत, पण बसलेला. अण्णाजींनी चिखलातच फतकल मारली. जिवावरचा धोंडा उतरला तशी त्यांना रडायलाही सवड मिळाली.

प्रेमदासनं डोंगा काठाला ओढला. म्हाताऱ्याकडे सरळ बघायची त्याला लाज वाटत होती.

"अण्णाजी, पोट्टा तुमच्या भिंतीवर उभा होता," तो म्हणाला. "कमरेएवढ्या पाण्यात. बाकी चहूकडे बुडण्याएवढं. थे भिंत नसती तं..." सब्बलीची गोष्ट मग त्याने कधी काढली नाही.

नलूबाई लेकाच्या तोंडावरून, केसांवरून हात फिरवत होती. पोरगा पुरता आहे की नाही, हे तिला हातांनीच बघायचं होतं.

"कुठं होता रे बाप्पा इतका वेळ?"

अंकुशचे दात वाजत होते, तरी त्याला हसू आलं.

"काऊन रडून राह्यली माय? मी तं आपल्या घरीच होतो."