स्वतःच्या शब्दांत

"काय पैलवान, आज कुठला आखाडा?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"न्हाणीघरातला. डोकं धुवायचंय. हरलात तर साबण डोळ्यांत!"

पैलवान कसला, काडीपैलवान. फुंकर मारली तर उडेल असा. पण बाबांना सांभाळायला ठेवलेला हा माणूस काखेत हात घालून त्यांना इतक्या अलगद उठवायचा, की नाव शोभून दिसायचं. नाव बाबांनीच ठेवलेलं. बाकीची सगळी नावं एकेक करून त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती, लेकीचंसुद्धा. हे एवढं टिकलं होतं.

लेक टेबलाशी बसून कुठल्याशा पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. न्हाणीघरातून आधी आरडाओरडा आला, मग हसणं. दुपारी तिघं एकत्र जेवली. बाबांनी आपल्या ताटातला घास पैलवानापुढे धरला. "खा रे, हाडं मोजता येतायत तुझी."

त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

दुसऱ्या दिवशी बाबा पलंगाच्या कडेवर आपटले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सदऱ्याची बाही वर सारली, तर दंडावर बोटं उमटलेली. गालावरही. हे पडल्याचे वळ नव्हेत, असं म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं.

"घरात कोण होतं?" हवालदारानं विचारलं.

"तो सांभाळणारा माणूस. दुसरं कोण असणार?" उत्तर तिच्या थोरल्या भावानं दिलं. तो नुकताच धापा टाकत पोचला होता.

"आणि ताई, तुम्ही?"

"मी गच्चीवर होते," ती म्हणाली. "कपडे वाळत घालत होते."

पैलवानाला संध्याकाळी धरून नेलं. मी मागच्या दारी चादर धूत होतो, असं तो परोपरीनं सांगत राहिला. चादरीची साक्ष कोण काढणार? बाबा अंथरुणातून उठलेच नाहीत. शेवटी न्यूमोनिया झाला. मृत्यूचा धागा त्या मारापर्यंत नेता येईना, म्हणून खटला मारहाणीचाच राहिला.

भाऊ घरी आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "मी म्हणत होतो, चांगल्या संस्थेतला माणूस घे. पण आमच्या बाईसाहेबांना माणसं ओळखता येतात ना!"

"चूक माझीच आहे, दादा."

"आता म्हणून काय उपयोग?"

काही महिन्यांनी सरकारी वकीलबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमुळे एकच खुर्ची रिकामी होती. भाऊ उभा राहिला.

"आरोपी कबुली द्यायला तयार आहे," वकीलबाई म्हणाल्या. "कबूल केलं की शिक्षा कमी. कोठडीत काढलेले महिने त्यातून वजा केले की त्याच संध्याकाळी घरी. लढला, तर खटला चालेल दोन-तीन वर्षं. जामीन राहायला कुणी नाही, म्हणजे तोवर आतच. पण या तडजोडीला तुम्हा दोघांची संमती लागते."

"आणि नंतर?" तिनं विचारलं. "त्याला पुन्हा काम मिळेल?"

"माणसं सांभाळायचं? म्हाताऱ्याला मारल्याची कबुली दिल्यावर? अहो, दारात कोण उभं करेल!"

"बघा," भाऊ म्हणाला, "बाप आमचा गेला आणि हिला त्याच्या पोटापाण्याची काळजी."

तिनं सही केली.

"तुमचं मन मोठं आहे," वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा तिनं पेनाचं टोपण लावायला उगाच वेळ घेतला.

त्याच संध्याकाळी घरी. हे एक वाक्य घट्ट धरून ती सुनावणीला आली. पैलवान आणखी वाळला होता. तिला पाहून त्यानं हात जोडले. तिनं नजर बाकाच्या कडेवर ठेवली. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर धुतलेल्या सदऱ्याची पिशवी.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आहे साहेब."

"कुणी धमकावलं, भरीला घातलं?"

"नाही साहेब."

"मग काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा."

"साहेबांची पद्धतच आहे ही," त्याचा वकील पुटपुटला. "सांग पटकन."

पैलवानानं सांगितलं. पाठ केलेली कविता म्हणावी तसं, एका दमात. "ते जेवत नव्हते. मला राग आला. मी दंड धरला, गालावर मारली, ढकललं. ते पलंगाच्या कडेवर पडले."

"नेहमी त्रास द्यायचे?"

"छे साहेब! देवमाणूस होते."

"मग मारलंत कसं?"

"राग आला साहेब."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मारलंत तेव्हा ते काही बोलले?"

हे पैलवानाला कुणी पढवलं नव्हतं. त्यानं वकिलाकडे पाहिलं, वकिलानं घड्याळाकडे.

"काही... काही नाही बोलले, साहेब."

"सुटलो एकदाचे," भाऊ कुजबुजला आणि शेजारी वळला. शेजारची जागा रिकामी होती. ती उभी राहिली होती.

"बोलले होते," ती म्हणाली. आवाज बारीकच निघाला, पण खोलीभर ऐकू गेला. "'आई, मारू नकोस ना,' म्हणाले. शेवटी शेवटी ते मलाच आई म्हणायचे."