डोक्यावरचा हात

दुपारची जेवणं होऊन तास उलटला तरी नलिनीच्या छातीत धडधडलं नाही. मशीनवर ब्लाउजची बाही जोडताना ती त्याचीच वाट बघत होती. तिचा नवरा भास्कर जेवल्यावर हमखास सिगारेट ओढायचा, आणि त्याच्या शरीरात जे व्हायचं ते कानामागच्या चिपमुळे तिच्याही शरीरात व्हायचं. आधी काळीज धडधडायचं, मग बोटं गार पडायची, पोटऱ्या भरून यायच्या, डोळ्यांपुढे धूसर व्हायचं आणि शेवटी खोकला. “आपलं माणूस भोगतंय म्हटल्यावर कोणीही सोडतो,” असं डॉक्टर म्हणाले होते. चिप बसवली त्या दिवशी भास्करने तिच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडायची शपथ घेतली होती. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

आज मात्र काहीच झालं नाही. संध्याकाळी शेवटचा ब्लाउज घडी करताना ‘सोडली वाटतं’ असं तिच्या मनात आलं, पण आनंद करण्याएवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिची लेक मृणाल कॉलेजातून आली ती चप्पल न काढता दारातच बसली. तिच्या कानामागे औषधाची पट्टी होती.

“सकाळी दवाखान्यात जाऊन तुझ्या चिपची जोडणी मी माझ्यावर घेतली, आई. अठरा पूर्ण झाली ना मला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवलाय. माझ्यासाठी तरी सोडतील.”

 नलिनीने लेकीची बोटं हातात घेतली. ती गार पडत चालली होती.