दोन बोटं जास्त

मानेपाशी ओतलेलं तांब्याभर पाणी हर्षदाच्या पाठीवरून सरळ खाली गेलं आणि घोट्यांशी बाहेर पडलं. भाईदास मास्तरांच्या शिवणाच्या दुकानापुढचा ओटा ओला झाला. स्कूबाचा काळा रबरी सूट घालून उभी असलेली हर्षदा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"पाहिलंत ना मास्तर? समुद्रात पण असंच होतं. पाणी आत खेळत राहतं आणि वीस मिनिटांत मी कुडकुडायला लागते."

रविवारी मालवणला तिची परीक्षा होती. पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणणाऱ्या मार्गदर्शकांची. चाळीस मिनिटं खाली राहायचं. मागच्या खेपेला तिचे ओठ काळेनिळे झालेले पाहून परीक्षा घेणाऱ्या सरांनी बाविसाव्या मिनिटाला तिला वर काढलं होतं. आता ही शेवटची संधी, असंही सांगितलं होतं. सूट अंगाला चिकटून बसला पाहिजे, बाकी काही नाही. पण बाजारातला सगळ्यांत लहान सूटही तिच्या अंगावर उशीच्या खोळीसारखा लोंबायचा, आणि लहान मुलांचा घ्यावा तर बाही कोपरापर्यंतच. पाच फूट सहा इंच उंची आणि त्रेचाळीस किलो वजन अशी मुलगी जगात असू शकते, हे सूट बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून तिने तो सुरतेत, लिंबायतमध्ये, आपल्या गल्लीतल्या मास्तरांकडे आणला होता.

"आसं कसं व्हयनं?" तीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या मास्तरांना हे पाणी भलतंच लागलं. "मी दोन्ही बाजूनं चार बोट कमी कयं ना!"

हर्षदाने पडद्यामागे जाऊन सूट उतरवला आणि उलटा करून मशीनवर पसरला. मास्तरांनी सूट आत घेतला होता, हे खरं. पण जास्तीचं रबर कापलंच नव्हतं. काखेपासून घोट्यापर्यंत ते दुमडून, वर टीप मारून आत दाबून ठेवलं होतं. त्या जाड घडीमुळे सूट अंगापासून सुटा राहत होता आणि पाण्याला आयती वाट मिळत होती.

"मास्तर, हे कापायचं होतं!"

"कापानं?" मास्तरांनी कात्रीवर हात ठेवला, जणू ती कोणी पळवणार होतं. "पोरना कपडामा दोन बोट आत ठेवनाच पडतस. लगीन व्हयनं का अंग भरस. मंग शिवण उसवी का काम व्हयनं."

हर्षदाने बरोबर आलेल्या आईकडे पाहिलं. रंजना बाकड्यावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मास्तरांना हे कोणी बजावलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. चोवीस वर्षं तिने लेकीला तूप, केळी, खजूर, डिंकाचे लाडू चारले होते आणि त्यातलं काहीएक पोरीच्या अंगी लागलं नव्हतं. फ्रॉक, शाळेचा गणवेश, पंजाबी ड्रेस, सगळ्यांत दोन बोटं राखून ठेवलेली. एकाचीही शिवण उसवायची वेळ आली नव्हती. बघायला पाहुणे येणार असले की ती हर्षदाला दोन परकरांवर साडी नेसवायची.

"कापी टाकं आणि उद्या अंग भरनं ते?" रंजना हळूच म्हणाली.

"आई, परीक्षा परवा आहे." हर्षदाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी आते जशी शे, तशीच पाण्यात जाणार ना?"

रंजना उठली, मास्तरांच्या हाताखालून कात्री ओढून घेतली आणि स्वतःच कापायला लागली. पहिल्या वितीला हात अडखळला. पुढे सरळ चालला. काळ्या पट्ट्या एकेक करून पायाशी पडत गेल्या. आपल्याला फार वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. बरंच वाटलं.

मग मास्तरांनाही चेव आला. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून सोल्यूशनची नळी आली. त्यांनी कडेला कड लावली, दाबून धरली, वाळू दिली, वर बारीक टीप घातली. आत एक सूतभरही शिल्लक ठेवलं नाही. हे पाप करताना कोणी धंद्यातला माणूस बघत नाही ना, म्हणून त्यांनी दोनतीनदा दाराकडे नजर टाकली.

सूट घालायला हर्षदाला पावडरचा निम्मा डबा आणि पाव तास लागला. पडद्यामागून कण्हण्याचे, मग हसण्याचे आवाज आले. ती बाहेर आली तेव्हा मास्तरांनी तांब्या उचलला. पाणी मानेवर पडलं आणि खांद्यावरून ओट्यावर उडालं. दुसरा तांब्या. तिसरा तर रंजनानेच ओतला, अगदी हात उंच करून.

"कोरडी शे!" हर्षदा ओट्यावर नाचायलाच लागली. "आई, पाठ कोरडी शे मन्ही!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच हसले. पाच मिनिटांत हर्षदाच्या नाकावर घाम जमला. सुरतच्या दुपारी रबर घालून किती नाचणार?

"जीव चालला माझा. काढते आता," ती पडद्याकडे वळली.

समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई भाजी निवडत बसली होती. पोरीला जेवायला घालता की नाही, असं ही बाई रंजनाला येताजाता विचारायची. तिचा हात आता थांबला होता. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी दारात आल्या होत्या.

रंजनाने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग लेकीचं मनगट धरून तिला दुकानाच्या पायरीवर आणलं.

"आते नको काढू," ती म्हणाली. "गल्लीमा एक चक्कर मारी ये."