पाच टक्क्यांची मर्यादा

परदेशी कचऱ्याचा कंटेनर चेपणाऱ्या प्रेसमध्ये शिरला, तेव्हा बंदरावरच्या रिवाजाप्रमाणे उंदीर पळवायला रशिदा हुनेरकरने पत्र्यावर तीनदा पहार आपटली. आतूनही तीन ठोके आले.

"केणीसाहेब, आत माणूस आहे! थांबवा!"

"कसं थांबवू?" निरीक्षक ओरडले. लाचखोरी नको म्हणून सरकारने प्रेस थांबवायचं बटणच काढून टाकलं होतं.

प्रेस बोलला, "जैविक अंश चार पूर्णांक नऊ टक्के. मर्यादा पाच. आयात मंजूर."

जबडे मिटू लागले. पत्रा फाटला, आतून किंकाळी आली. रशिदाने फटीतून डावा हात खांद्यापर्यंत खुपसला. जबड्यांनी तो तोडला.

"पाच पूर्णांक एक. आयात नामंजूर. माल परत."

जबडे उघडले. रशिदा रक्तात कोसळली. तिचा हात घेऊन कंटेनर जहाजाकडे सरकू लागला.

आतून तीन ठोके आले.