चार टॅब, एक ॲप

गोदामातल्या टॅबमध्ये भुपेंद्रला तो फोटो सापडला आणि दिवसभराचा शीण त्याच्या पायांत उतरला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

तांदूळ भरलेल्या कट्ट्यांच्या सिलाईवर देखरेख करणाऱ्या चेतनाने टॅबकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पाळीची हजेरी तिच्याकडेच होती. "शालीकराम," ती म्हणाली. "हमाल आहे आमचा."

फोटोत पन्नाशीचा एक माणूस तोंडभर हसत होता. मागे कोणाच्या तरी लग्नाचा मांडव दिसत होता.

या आठवड्यातली ही भुपेंद्रची चौथी राइस मिल. सकाळच्या गाडीने गोंदियाहून आमगाव, तिथून कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून मिल, आणि मग दिवसभर एकच काम. मिलचे टॅब घ्यायचे आणि त्यात चेहरा पाहून हजेरी लावणारं ॲप सोडून बाकी सगळं बंद करायचं. गाणी नकोत, व्हिडिओ नकोत, फोटो नकोत. कामगार टॅबवर काय काय करून ठेवतात ते त्याला एव्हाना पाठ झालं होतं. ही युक्ती मात्र नवीन होती. गोदामातल्या टॅबवर फोटो उघडायचा, तो गेटवरच्या टॅबसमोर धरायचा, की गेटवरचा टॅब बिचारा 'हजर' म्हणून मोकळा.

"किती दिवसांपासून चालू आहे हे?"

"झाले असतील दोन महिने."

"म्हणजे दोन महिने माणूस घरी आणि हजेरी इथे."

"घरी कायले राहील? रोज येते तो."

"रोज येते, तर मग फोटो काऊन लागते?"

चेतना सिलाई मशीनमधला तुटलेला दोरा ओवत बसली.

एका हमालाने भुपेंद्रपुढे चहाचा कप ठेवला आणि तो परत कट्टे उचलायला गेला. कोंड्याच्या धुळीपायी इथे सगळ्यांच्याच तोंडाला गमछा बांधलेला. कोण हसतंय आणि कोण मनातल्या मनात शिव्या देतंय, कळायला मार्ग नव्हता. चहा गोड होता. भुपेंद्रने तो दोन घोटांत संपवला.

झाडू मारणारी रुख्मा हळूच जवळ आली. "साहेब, एक टॅब राहू द्या ना तसाच. हा गोदामातला. याच्याकडे कोणी पाहात बी नाही."

"बाई, तो बिमार असेल तर तसं सांगा सेठला. सुट्टी घ्यायला लावा."

"बिमार सांगतला तं सेठ डाक्टरचा कागद मांगते," चेतना दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "कागद येतवरी गेटच्या आत घेत नाही. मागच्या साली हिरालालनं कागद आणला, तवा त्याच्या जागेवर दुसराच माणूस होता."

"आता वय झालं त्याचं," रुख्मा म्हणाली. "दुसरीकडं कोण घेईल त्याले?"

भुपेंद्रला त्या फोटोतल्या माणसाचा राग आला. खरं सांगायचं तर हेवाच वाटला. मागच्या आठवड्यात अंगात ताप असताना तो स्वतः कामासाठी देवरीपर्यंत जाऊन आला होता. बायको नको म्हणत होती, तरी गेला. त्याच्यासाठी कोणी कुठे फोटो धरला नव्हता, आणि धरा म्हणून सांगावं असा माणूसही त्याच्याजवळ नव्हता.

"मी पण नोकरीच करून राहिलो, बाई," तो म्हणाला. "मिल माझी नाही."

त्याने चारही टॅब एकामागून एक लॉक केले. आता टॅब कसाही दाबा, कितीही वेळा बंद करून चालू करा, समोर हजेरीचं ॲपच येणार. ते खोलायचा पिन थेट सेठच्या मोबाइलवर गेला. सोबत भुपेंद्रने तो फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की हा माणूस दोन महिन्यांपासून फोटोवर हजर आहे. काम पुरं झाल्याचं समाधान वाटावं एवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

सेठचं उत्तर लगेच आलं. "शाम की हाजिरी में खुद खड़ा नहीं हुआ तो नाम काट देना."

भुपेंद्रने ते वाचून दाखवलं. रुख्मा कोंड्याच्या पोत्यावर मटकन बसली. चेतनाने मशीन बंद केली.

"बोलवा त्याला," भुपेंद्र म्हणाला. "फोन करा. अजून अर्धा तास आहे पाळी सुटायला."

कोणी फोन केला नाही. भुपेंद्रनेही मग आग्रह धरला नाही. परतीची गाडी चुकली असती तर त्याला आमगावच्या स्टेशनवर दोन तास बसावं लागलं असतं, आणि त्याला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

सहाला मिलची घरघर थांबली. गेटवर रांग लागली. लॉक केल्यावर एकदा सगळी हजेरी डोळ्यांसमोर लागलेली पाहायची, हा त्याच्या कामाचाच भाग होता. एकेक जण गमछा खाली ओढायचा, टॅबसमोर उभा राहायचा, हिरवी खूण आली की पुढे सरकायचा. बायका झाल्या, ड्रायव्हर झाले, हमाल झाले. भुपेंद्रने बॅग खांद्याला लावली.

चहा आणून देणारा हमाल तेवढा मागे राहिला होता. चेतना आणि रुख्मा घरी न जाता त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. त्याने सावकाश गमछा सोडला. डावा गाल खाली ओघळलेला होता, त्या बाजूचा डोळा पुरता मिटत नव्हता आणि ओठ एकीकडे ओढला गेला होता. टॅबवर लाल अक्षरं आली: चेहरा जुळत नाही. भुपेंद्रने काच पुसून दिली. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच.

"राहू द्या, काका," भुपेंद्र म्हणाला. "तुमचं नाव सांगा, मी यादीत पाहतो."

उरलेल्या अर्ध्या तोंडाने त्याने ते कसंबसं सांगितलं.

"शालीकराम."